जलाल मिस्त्रीचा उजवा

जलालुद्दीन मिस्त्री गेले तेव्हा त्यांची हत्यारं लोकांनी एकेक करून मागून नेली. कागद मात्र घरातच राहिले. हिरव्या पत्र्याच्या पेटीत जुन्या गाड्यांची पुस्तकं होती, वायरिंगचे नकाशे होते, आणि जवळजवळ प्रत्येक पानावर तेलकट अंगठ्याचा ठसा होता. रशिदाबाई दर वर्षी रमजानच्या आधी ती पेटी अंगणात ओढून कागदांना ऊन दाखवायच्या, कडुनिंबाचा ताजा पाला घालायच्या आणि पेटी पुन्हा पलंगाखाली सरकवायच्या.

पेटीतलं मानाचं पुस्तक होतं हल्याचं. हल्या म्हणजे लॉरी. दुसरी लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेल्या, कॅनडात बनलेल्या काही लॉऱ्या आमच्याकडच्या जंगल ठेकेदारांनी घेतल्या होत्या. बसकं नाक, रुंद कपाळ, आणि चिखलात कितीही रुतली तरी गुरगुरत बाहेर निघणारी ती गाडी. आलापल्लीच्या लोकांनी तिला हल्या, म्हणजे रेडा, म्हटलं आणि पुढं तेच नाव चाललं. रशिदाबाई लग्न होऊन बल्लारपूरहून आलापल्लीला आल्या त्या हल्यातच बसून. मागं सागाचे लठ्ठे असायचे तिथं त्या दिवशी त्यांच्या माहेरचा पलंग होता, आणि मिस्त्री दर नाल्यापाशी उतरून आधी चाकाचे नट हातानं तपासायचे. नव्या नवरीला वाटलं, या माणसाचं आपल्यापेक्षा चाकांवर जास्त लक्ष आहे. ते फारसं चूक नव्हतं.

पुढं मिस्त्रींनी चंद्रपुरात दुकान घातलं, ते चाललं, आणि त्यांच्याबरोबरच बंद झालं. मुलगा जिशान गडचांदूरकडं सिमेंटच्या कारखान्यात फिटर झाला आणि आठवड्याला घरी येऊ लागला. नात मदीहा कॉलेजात जाऊ लागली. पेटी जिथल्या तिथं.

नागपूरच्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला कुठून तरी त्या पुस्तकाचा सुगावा लागला. तो दोनदा येऊन गेला. जिशानचं मन झालं होतं, पण रशिदाबाईंनी नाही म्हटलं. मिस्त्री असताना वडशापासून सिरोंच्यापर्यंतचे लोक ते पुस्तक बघायला यायचे, ओट्यावर बसून पेन्सिलीनं उतरवून न्यायचे, वर चहा पिऊन जायचे. त्यांनी कधी कुणापासून पुस्तक झाकून ठेवलं नव्हतं. आता ते एका माणसाच्या कपाटात कुलूपबंद होणार, हे रशिदाबाईंना काही रुचलं नाही.

मदीहानं तोड काढली. जटपुरा गेटजवळ हेमराजचं सायबर कॅफे होतं. तिथं स्कॅनर होता, आणि इंटरनेटवर जुन्या गाड्यांचे शौकीन लोक एक गट करून होते. कुणी म्हैसूरचा, कुणी बरेलीचा, कुणी पार ऑस्ट्रेलियाचा. ज्याच्याकडं जो कागद असेल तो त्यानं टाकायचा, ज्याला हवा त्यानं उतरवून घ्यायचा, बस्स. पैशाचं मागणं नाही, देणं नाही. रशिदाबाईंना हे ऐकून बरं वाटलं.

"म्हंजे आपला ओटाच झाला हा," त्या म्हणाल्या. "फकस्त चहा नाई."

२००३ च्या उन्हाळ्यात मदीहा रोज थोडी पानं घेऊन जायची आणि चढवायची. आजी कधीमधी सोबत जाऊन हेमराजच्या खुर्चीवर बसायची. पुस्तकाची मधली काही पानं उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लेली होती. पुढच्या चाकांचा जो आडवा दांडा असतो, एक्सल, नेमकी त्याची. त्या जागी मिस्त्रींनी फार पूर्वी जाड पिवळ्या कागदावर स्वतःच्या हातानं आकृती काढून, खाली मराठीत नावं लिहून, ते पान सुतळीनं पुस्तकात शिवलं होतं. मदीहानं त्या मराठीचं इंग्रजी करून दिलं. त्या पानावर सगळा गट तुटून पडला, कारण ती पानं जगात कुणाकडेच सापडत नव्हती. लोक मिस्त्रींना उस्ताद म्हणू लागले. तसा एक ई-मेल हेमराजनं छापून रशिदाबाईंना दिला. इंग्रजी वाचता येत नसलं तरी त्यांनी तो घडी करून कुराणशरीफाच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला.

त्या गटात रानीखेतचे एक बिष्ट होते. पहाडातला माणूस, सफरचंदाची बाग, आणि वडलांच्या वेळचा एक हल्या गोठ्यात मोडून पडलेला. ते तो पुन्हा उभा करत होते. त्यांच्या म्हाताऱ्या आईची एकच इच्छा होती, त्या गाडीत बसून एकदा खाली हल्द्वानीला जायचं. सासरी आली ती त्याच गाडीतून. हे मदीहानं वाचून दाखवलं तेव्हा रशिदाबाई हसल्या होत्या. कोण कुठली बाई, पण तिचंही लग्न हल्यातच झालं म्हणायचं.

दसऱ्याला दोन दिवस होते, तेव्हा बिष्टांचा मोठा ई-मेल आला. मदीहानं तो हेमराजच्या कॅफेत वाचून मराठीत सांगितला. गाडी तयार झाली होती. दसऱ्याच्या दिवशी पूजा करून दुपारी आईला घेऊन ते घाट उतरणार होते. पुढं त्यांनी उस्तादांचे आभार मानले होते. हल्याच्या एका बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, म्हणजे नेहमीचा नट जिकडं फिरवून घट्ट होतो तिकडं हा ढिला होतो. फिरणाऱ्या चाकानं स्वतःचाच नट सोडू नये म्हणून ही सोय. साधारणपणे उलटे आटे डावीकडं असतात आणि बिष्टांनी पुढची चाकं तशीच बसवली होती. पण उस्तादांच्या पानावर तर स्पष्ट लिहिलं होतं, उजवा, उलटा आटा. ज्या माणसानं ही गाडी जंगलात उभा जन्म चालवली त्याच्यापुढं आपली अक्कल कशाला पाजळायची, असं म्हणून त्यांनी पुढचे दोन्ही हब, म्हणजे चाकं ज्यांवर नटांनी बसतात ते तुंबे, उतरवले आणि इकडचा तिकडं केला.

"पाह्य दादी, किती मानतात आजोबाले," मदीहा म्हणाली.

रशिदाबाईंनाही तेव्हा तेवढंच वाटलं.

घरी आल्यावर मदीहा त्यांच्या डोळ्यात औषध घालायला बसली. पावसाळ्यात रशिदाबाईंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. रोज जिशानची बायको औषध घालायची, ती मागं उभी राहून. त्या दिवशी ती माहेरी होती, म्हणून मदीहा समोर पाटावर बसली. बाटलीचं बूच काढून तिनं विचारलं, कोणता डोळा? रशिदाबाई म्हणाल्या, डावा. आणि थेंब पडला तो भलत्याच डोळ्यात.

"अवं, माहा डावा. तुहा नाई," त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या.

औषध गालावरून ओघळत होतं. त्या ते पुसायचंही विसरल्या. आलापल्लीत ठेकेदाराच्या शेडमध्ये, आणि नंतर चंद्रपूरच्या दुकानातही, मिस्त्री गाडीचे दिवे तपासताना त्यांना सीटवर बसवायचे आणि स्वतः समोर नाकापाशी उभे राहायचे. डावा लाव, म्हणायचे. त्या डावा लावायच्या. मिस्त्री कपाळावर हात मारायचे. लग्नानंतर कितीतरी दिवस यावरून दोघांची जुंपायची. शेवटी रशिदाबाईंनी मनाशी गाठ बांधली होती की हे डावा म्हणाले की आपण उजवा लावायचा. मिस्त्री गाडीकडं नेहमी समोरून बघायचे, जसं आपण समोरच्या माणसाकडं बघतो. त्यांचा डावा म्हणजे गाडीचा उजवा.

"मदीहा," त्या म्हणाल्या, "थ्या पानावरचा उजवा कोनाचा हाय?"

पोरीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या हातातलं बूच खाली पडलं.

दोघींनी पेटी ओढून ते पिवळं पान काढलं. त्यावर दांडा होता, दोन चाकं होती, आणि दोन्ही टोकांना मिस्त्रींचं टपोरं अक्षर. गाडीचं तोंड कुठंही काढलेलं नव्हतं. ते पान समोरून काढलं होतं की मागून, हे सांगणारं त्यावर काहीच नव्हतं. आणि खरी फसगत तिथंच होती. उधईनं पानं पुरती खाण्याआधी मिस्त्रींनी छापील पुस्तकातलं बघून जसंच्या तसं उतरवलं असेल, तर तो उजवा पुस्तकाचा, सीटवर बसलेल्या माणसाचा, आणि मग बिष्टांनी केलं ते बरोबर. आठवणीतून काढलं असेल तर तो मिस्त्रींचा उजवा, आणि मग बिष्टांच्या गाडीची पुढची चाकं घाटात आपोआप सुटत जाणार.

दुसऱ्या दिवशी कॅफे उघडताच मदीहानं ई-मेल टाकला. गाडी काढू नका, पानाबद्दल शंका आहे, आम्ही नक्की करून कळवतो. पण बिष्ट इंटरनेटवर यायचे ते बाजाराला उतरले की. त्यांचा फोन नंबर कुणाकडं नव्हता. मदीहानं सगळ्या गटाला विचारलं, कुणाला बिष्टांचा नंबर माहीत आहे का. तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली आणि पडदे काळे पडले. वीज आली तेव्हा बघितलं तर उत्तर नव्हतं. पान मात्र आणखी काही लोकांनी उतरवून घेतलेलं दिसत होतं.

"हे परत नाई घेता येत का?" रशिदाबाईंनी हेमराजला विचारलं.

आपण काढून टाकू शकतो, हेमराज म्हणाला, पण ज्यांनी नेलं त्यांच्याकडं ते राहणारच. रशिदाबाईंना ओटा आठवला. ओट्यावर पेन्सिलीनं उतरवणाऱ्याचं तोंड दिसायचं. कोण कुठल्या गावचा, कोणाचा कोण, सगळं ठाऊक असायचं. उद्या काही चुकलं तर निरोप धाडता यायचा. इथं कुणाला धाडायचा?

दुपारी जिशान आला. त्यानं पान उलटंपालटं करून बघितलं. आटे उलटे का असतात ते त्याला ठाऊक होतं आणि बिष्टांची आधीची बाजूच बरोबर वाटत होती. पण ही लॉरी कॅनडाची, तिचं सगळंच वेगळं, पैजेवर सांगता येणार नाही असं तो म्हणाला. मग त्यानं मनातलं काढलं.

"अम्मी, आपुन त्याले सांगितलं का बदल, अन् आता हाय थेच बरोबर निघालं, तं मंग? तवा त्याची माय आपल्या बोलण्यानं जाईल." तो मान खाली घालून म्हणाला, "अन् तसं नसलं तरी दुनिया काय म्हनंल? जलाल मिस्त्रीले डावं-उजवं समजत नव्हतं."

"समजत होतं," रशिदाबाई म्हणाल्या. "पन थ्याहीचं थ्याहीले. माह्यावर कितीक डाफरले त्या पायी. आता नाव राखाले मी गप बसू का रे?"

जिशाननं मग एक वाट सुचवली. आलापल्लीला ठेकेदाराच्या बंद आरागिरणीमागं मिस्त्रींचा जुना हल्या अजून पडून आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याची चाकं बघितली की सगळा फैसला होता. पण त्याला पहाटेच ड्यूटीवर पोचायचं होतं. रशिदाबाईंनी त्याच्याकडून नट फिरवायचे दोन पाने मागून घेतले आणि पिशवीत टाकले.

दसऱ्याच्या सकाळच्या एसटीत गर्दी होती. नट्ट्यापट्ट्यातल्या पोरी, झेंडूची पोती, कुणाच्या मांडीवर कोंबडं. गोंडपिपरी गेलं, आष्टीचा वैनगंगेवरचा पूल गेला, नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवून पिशव्या बघितल्या. पाने बघून शिपायानं विचारलं, आजी, मेकॅनिक हाय का? गाडीतले लोक हसले. रशिदाबाईंना हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर एक कधी न पाहिलेला घाट होता, आणि एक म्हातारी, नवं लुगडं नेसून हल्यात चढणारी. तिकडं लुगडं नेसतात की काय नेसतात, ते त्यांना माहीत नव्हतं. पण बाई मात्र दिसत होती, पदर सावरत, हात मुलाच्या खांद्यावर. एसटीच्या प्रत्येक वळणाला त्या पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरायच्या.

आलापल्लीला उतरून त्या आरागिरणीमागं गेल्या. तरोट्याच्या रानात हल्याचं नाक दिसलं आणि त्यांनी पावलं उचलली. गाडी जमिनीला पोट टेकून बसली होती. पुढं चाकं नव्हती, दांडाही नव्हता. मागची चाकं तर कधीच गेलेली. मदीहा तिथंच दगडावर बसली आणि रडायच्या बेताला आली.

तिथं गुरं राखणाऱ्यानं सांगितलं, पुढचा एक्सल लटारूनं नेला, त्याची टायरबंडी केली. आमच्याकडं लाकडी चाकांऐवजी मोटारीची टायरं लावलेली बैलबंडी असते, तिला टायरबंडी म्हणतात. लटारूचं घर गावाच्या टोकाला होतं. तो अंगणात बैलांच्या शिंगांना गेरू लावत होता. सणाच्या दिवशी दोन बाया पाने घेऊन बंडीजवळ येताना बघून तो उठला.

"बंडीले नजर लागली का काय?" तो म्हणाला. "कोनाच्या तुमी?"

मिस्त्रींचं नाव घेतल्यावर त्यानं बायकोला हाक मारून खाट टाकायला लावली. पण रशिदाबाई बसल्या नाहीत. हा दांडा बसवताना गाडीचं पुढं ते बंडीचं पुढं ठेवलं का, एवढंच त्यांनी विचारलं. लटारू हसला.

"आता काय सांगू बाई? पडला तसा उचलला अन् बसला तसा बसवला. बंडीले काय पुढं अन् काय मागं, बैल जिकडं जुपले तिकडं पुढं."

मदीहानं आजीकडं बघितलं. इतका प्रवास करून हाती काहीच नाही. दांड्याची कोणती बाजू गाडीची डावी होती, हे आता देवालाच माहीत. पाणी मागावं म्हणून रशिदाबाई वळल्या, तेव्हा त्यांची नजर चाकावर गेली. सगळ्या नटांभोवती तारेचे वेढे दिले होते. दुसऱ्या चाकालाही तसेच.

"हे तार काऊन गुंडाळलं?"

"काय सांगू," लटारू म्हणाला. "भावाची बंडी हाय, दुसऱ्या मोटारीच्या दांड्याची, थ्याचे नट कधी हालत नाई. माहे मात्र दर बाजाराले ढिले. घट्ट करून नेतो, येतानी हातानं फिरते. बैल चालते म्हनून बरं, नाई तं चाक पुढं अन् मी मागं." एवढं बोलून तो स्वतःच हसला. "अन् एक बाजूचे उलटेच फिरते, ते पह्यले दिवशी मले ठाऊक नव्हतं, पाना तोडला मी."

"कोनत्या बाजूचे उलटे?"

लटारूनं सांगायला तोंड उघडलं, पण रशिदाबाईंनी हात वर करून थांबवलं. तोंडानं सांगू नको, म्हणाल्या. बंडीवर बस, बैलांकडं तोंड कर, अन् हातानं दाखव.

लटारू बंडीवर चढला, कासरा धरल्यासारखा बसला, आणि त्यानं उजवा हात लांब केला.

मदीहानं तार सोडली, पाना लावला, आणि त्या बाजूचा नट खरंच उलटा फिरला. रशिदाबाई चाकापाशी खाली बसल्या. उलटे आटे उजवीकडं आले, आणि दोन्हीकडचे नट दर बाजाराला आपोआप सुटत होते, म्हणजे त्यांची खरी जागा डावीकडंच. लटारूची बंडी आणि बिष्टांचा हल्या, दोघांनाही एकच रोग होता. फरक एवढाच की एकाला बैल ओढत होते आणि दुसरा घाट उतरणार होता. मिस्त्रींनी ते पान आठवणीतूनच काढलं होतं, आणि ते गाडीच्या समोरच उभे होते.

त्या उठल्या त्या तडक चौकातल्या एसटीडी बूथकडं निघाल्या. लटारूची बायको चहा घेऊन मागं आली, तर मदीहानं हातानंच नाही म्हटलं.

मदीहानं आधी हेमराजला फोन लावला. सणाचा दिवस असूनही तो तिच्या सांगण्यावरून कॅफे उघडून बसला होता. हल्द्वानीच्या एका माणसानं सकाळी बिष्टांच्या घराखालच्या किराणा दुकानाचा नंबर पाठवला होता. मदीहानं तो हातावर लिहून घेतला. लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तिकडून घंटा वाजत राहिली, कुणी उचललं नाही. बूथवाला म्हणाला, दसरा आहे, दुकान बंद असेल. रशिदाबाई काचेच्या दारात उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

कितव्यांदा तरी लावल्यावर एका माणसानं उचललं. मदीहा हिंदीत भराभरा बोलली, बिष्टसाहेब, गाडी, चाक. तिकडचा माणूस म्हणाला, गाडी तर निघाली ना. मदीहानं रिसीव्हर आजीच्या हातात दिला.

रशिदाबाईंनी विचारलं, कुठवर गेली? तो म्हणाला, निघाली म्हणजे घरातून निघाली, खाली मंदिरासमोर उभी आहे. माताजी नारळ फोडल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत, आणि पुजारी अजून आले नाहीत. रशिदाबाईंनी त्याला अल्लाची, त्याच्या देवाची आणि त्याच्या पोराबाळांची शपथ घातली आणि सांगितलं, धाव.

फोन तसाच चालू राहिला. दूर कुठंतरी घंटा, कुत्रं, लोकांचं बोलणं. मग धापा टाकत आलेला एक जड आवाज. बिष्ट होते. रशिदाबाईंनी त्यांना नमस्कार-चमत्कार काही करू दिला नाही. उलटे आटे सीटवर बसलेल्या माणसाच्या डावीकडं, एवढंच त्या तीनदा म्हणाल्या. मग बिष्टांनी सावकाश विचारलं, "तो उस्ताद कहाँ खड़े होते थे?"

"गाडी के सामने," रशिदाबाई म्हणाल्या. "हमेशा सामने. मुझे ही बताना था, मुझे याद नहीं रहा."

बिष्ट जाऊन चाकं बघून परत येईपर्यंत रशिदाबाईंनी रिसीव्हर कानाला इतका दाबून धरला की कान लाल झाला. ते आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. काल त्यांनी गाडी नुसती बाजारापर्यंत नेऊन आणली होती, इंटरनेटवर न बसताच. तेवढ्यात उजव्या चाकाचे दोन नट बोटांनी फिरत होते, डाव्याचा एक. आई खाली उतरायला तयार नाही, म्हणाले. मी तिला सांगतो, आज आपण जीपनं जाऊ, हल्या पुढच्या आठवड्यात. मग त्यांनी विचारलं, पान काढून टाकणार का? काढू नका, म्हणाले, बाकी सगळं पान सोन्यासारखं आहे.

परतीच्या एसटीत मदीहा आजीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. रशिदाबाई जाग्याच होत्या. आष्टीच्या पुलावर समोरून एक ट्रक आला, आणि त्यांची नजर आपोआप त्याच्या चाकाकडं गेली. हा डावा, हा उजवा, हा त्याचा, हा माझा.

दुसऱ्या दिवशी मदीहानं पिवळ्या पानावर एक बारीक टाचण जोडलं, इंग्रजीत आणि मराठीत. आणि दांड्याच्या खाली, दोन चाकांच्या मधोमध, पेन्सिलीनं एक छोटा माणूस काढला. गाडीकडं तोंड करून उभा, डोक्यावर टोपी, हातात पाना. रशिदाबाईंनी चष्मा पुसून बघितला. टोपी जरा जास्तच तिरपी काढली, म्हणाल्या, ते सरळ घालायचे. मदीहानं टोपी सरळ केली आणि नवं पान जुन्याच्या जागी चढवलं. सगळ्या गटाला लिहिलं, जुनं पान टाकून द्या, हे घ्या. जिशाननं ते पान बघितलं. फक्त छोट्या माणसाच्या पायात चपला नाहीत, अब्बा कधी अनवाणी काम करत नव्हते, एवढं म्हणाला.

गटातल्या पुष्कळांनी उत्तर दिलं. बिष्टांच्या आईचा हल्यात बसलेला फोटोही दिवाळीच्या आधी आला. घाटात उभी गाडी, खिडकीतून बाहेर बघणारी म्हातारी. हेमराजनं तो छापून दिला आणि तो त्या घडी घातलेल्या ई-मेलशेजारी गेला.

पण रशिदाबाई दर आठवड्याला कॅफेत जायच्या थांबल्या नाहीत. खुर्चीवर बसून त्या हेमराजला विचारायच्या, जुनं पान किती जणांनी नेलं होतं, त्यातल्या किती जणांनी नवं नेलं? हेमराज यंत्रावर बघायचा आणि जमेल तसं सांगायचा. हिशेब कधीच जुळायचा नाही. काही लोकांनी ते गटाबाहेरच्या लोकांना दिलं होतं, त्यांनी आणखी कुणाला. कुठल्या तरी घाटातल्या, कुठल्या तरी गोठ्यातल्या हल्यापर्यंत मिस्त्रींचं ते पहिलं पान गेलेलं असणार, आणि त्या पानावर दोन चाकांच्या मध्ये कुणीच उभं नव्हतं.